दहा फुटांवरचं ऊन

सिदा,

तू गेल्याला आज एक महिना आणि चार दिवस झाले. माणसं आली, बसली, चांगलं चांगलं बोलून गेली. मी गप्प होतो. माझं तोंड भांडायला चालतं, बाकीच्या वेळी चालत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. म्हणून लिहितो. शाळा चौथीपर्यंतची, अक्षर मेंढरांनी तुडवलेल्या वाफ्यासारखं, पण तुझ्या वहीत तीन वर्षं आकडे मांडून हाताला थोडं वळण लागलंय.

एक गोष्ट तू असताना सांगायची राहिली. राहिली कसली, मी सांगितली नाही. जमिनीचं ऊन मोजायला तू आपल्या रानात नळी पुरलीस, तिच्या वहीत पहिल्या वर्षी पाडव्यापासून ज्येष्ठापर्यंत जे दहा सोमवारचे आकडे आहेत ते मी नळीपाशी जाऊन लिहिलेले नाहीत. घरी लिंबाच्या सावलीला बसून लिहिले. तुला ते कळलं होतं का नव्हतं, या एका गोष्टीनं माझी तीन वर्षं झोप खाल्ली. धाकट्या भावापुढं मान खाली घालायची माझी तयारी नव्हती. आता घालतो.

तुला माहीत असलेलंच परत सांगणार आहे. हे मालन वाचेल, तुझी पोरं वाचतील, आणि बायकोला, पोरांना तू माझ्याविषयी वाकडं काही सांगितलं नसशील. ते मलाच सांगायला पाहिजे.

तुझं काम लोकांना सांगताना माझी पंचाईत व्हायची. सांगोल्याच्या बाजारात कुणी विचारायचं, "धाकटा काय करतो?" मी म्हणायचो, बोअर मारतो.

"कुटं?"

"लडाखला."

"आरं तिच्या! तितं पाणी लागतं का?"

"पाणी लागू नये म्हनून मारतो," असं मी सांगायचो, आणि सगळे हसायचे. मलाही हसू यायचं. पण ते खरंच होतं, हे मला फार उशिरा कळलं. आपल्याकडं बोअरच्या गाडीमागं माणूस नारळ घेऊन उभा राहतो, पाणी लागू दे म्हणून. तू आयुष्यभर बोअरपाशी उभा राहिलास, खाली सगळं गोठलेलंच असू दे म्हणून.

आपल्या भागातल्या बोअरच्या गाडीवर तू लागलास तेव्हा तुला नीट मिसरूड फुटलं नव्हतं. त्या गाडीवरनं तू कर्नाटकात गेलास, तिथनं कुठं कुठं, आणि मग अभ्यास करणाऱ्या साहेब लोकांच्या टोळीबरोबर त्या उंच थंड मुलखात. शिकलेले ते, पण भोक पाडायला तूच लागायचास. उन्हाळा तिकडं, हिवाळा इकडं, असं तुझं उलट्या मेंढपाळासारखं चालायचं. भोक पाडायचं, त्यात तार सोडायची, तारेला मणी ओवावेत तसे थर्मामीटर, आणि दरसाल जाऊन बघायचं की जमिनीचं अंग किती थंड आहे. तू म्हणायचास, "कायम गोठलेली जमीन हाय ती दादा. वरचा हातभर थर उन्हाळ्यात सुटतो, हिवाळ्यात परत गोठतो. त्याच्या खालची न्हाय सुटत. आज्या-पणज्याच्या आधीपास्नं गोठलीया."

आणि मग दरसाल येऊन तू सांगायला लागलास की वरचा सुटणारा थर बोट-बोट खाली चाललाय.

मी काय म्हणायचो ते लिहितो. मी म्हणायचो, "मग काय झालं? उन्हाळ्यात सुटलं तर हिवाळ्यात गोठंल की."

हे वाक्य मी तुला किती वर्षं ऐकवलं असेल! तू दर वेळी नव्यानं सांगायचास. तिथं तुमची पत्र्याची खोली होती, गोठलेल्या जमिनीवर बांधलेली. एका वर्षी गेलात तर खोली एका अंगाला कलली होती. खालचा बर्फ एकीकडं जास्त सुटला, एकीकडं कमी. चहाचा पेला खाली ठेवला की दाराकडं सरकायचा, म्हणून तुम्ही पेला हातात धरूनच प्यायचात. त्यावर मी म्हणालो, "खोली नीट बांधाया येत न्हाय आन नाव जमिनीचं." तू एवढा हसलास की तुझ्या वैनीनं आतनं विचारलं, काय झालं.

आणखी एका वर्षी तुझं हसणं नव्हतं. तू आलास, हातपाय धुतलेस आणि पडवीत माझ्याशेजारी बसलास. म्हणालास, "दादा, आवंदा आपलं पेव उगडल्यागत वास आला."

आपल्या पोरांना पेव बघायला मिळालं नाही, म्हणून सांगतो. घरामागं जमिनीत खोल खड्डा, आतनं सारवलेला, कडबा लावलेला. त्यात ज्वारी भरायची आणि तोंड दगड-मातीनं असं बंद करायचं की आत वारा जाता कामा नये. बंद आहे तोवर ज्वारी वर्षानुवर्षं तशीच. उघडताना मात्र घाई करायची नाही. बाबा झाकण काढून बाजूला व्हायचे आणि दिवसभर कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी टोपलीत दिवा ठेवून दोरीनं खाली सोडायचा. दिवा विझला तर माणूस उतरायचा नाही. ज्यांनी ही रीत पाळली नाही, त्यांच्यातले काही वर आले नाहीत.

आपलं शेवटचं पेव उघडलं तेव्हा झाकणाला तडा गेलेला होता आणि आत ओल शिरली होती. तुला आठवत होतं. दिवा निम्म्यातच विझला. बाबांनी परत लावला, परत विझला. बाबा म्हणाले, "थांबा, जमीन श्वास सोडतीया." आणि तू चड्डी सावरत विचारलंस, "बाबा, झाकण परत घट लावलं तर दाणं परत नीट व्हत्याल का?"

बाबा म्हणाले, "कुजलेलं परत ज्वारी व्हत न्हाय, बाळा."

तुला तो वास आला त्या उन्हाळ्यात तुम्ही लडाखच्या एका पाणथळ कुरणात भोक पाडलं होतं. मातीचा कांडका बाहेर काढला, उसाच्या कांडीएवढा, त्यात बर्फाच्या शिरा आणि काळं जुनं गवत, मुळ्यांसकट. कुणी जाणे किती जुनं, पण पिळून काढल्यासारखं ताजं. साहेबांनी तो गुंडाळून ठेवायच्या आधी त्याचा एक तुकडा खाली पडला आणि उन्हात सुटला. थोड्या वेळानं तू तिकडनं गेलास, आणि वास आला. पेवाचा. तू तिथंच खाली बसलास म्हणालास. साहेबांनी विचारलं, सिदा, उंचीमुळं दम लागला का. तू त्यांना पेव कसं सांगणार होतास?

"गोठलंय तवर झाकण घट हाय, दादा," तू म्हणालास. "सुटलं की आतलं गवत, मुळ्या कुजाया लागत्यात. कुजलं की वायू सुटतोय. आपल्या लडाखात तसलं गवत कमी. पर वर उत्तरंला, रशियाकडं, मैलच्या मैल असली पेवं हायेत. त्येचा वायू हवेत गेला की ऊन आनी वाढतंय. एका पेवाच्या वाफंनं शेजारच्याचं झाकण निगतंय."

"म्हंजी एकदम सगळी फुटत्याल?"

"एकदम न्हाय. बाँब न्हाय ह्यो, गळका हांडा हाय. शंभर-दोनशे वर्सं गळत ऱ्हाईल. किती गळंल ते आपुन चूल किती पेटवतो त्येच्यावर. जेवडी झाकणं बंद ऱ्हात्याल तेवडी बरी."

"हिवाळ्यात गोठंल की परत," मी म्हणालो. सवयीनं.

तू माझ्याकडं बघितलंस. "गोठंल. पर बाबा काय म्हनलं हुतं?"

मी उठून मेंढरांना पाणी दाखवायला गेलो. मेंढरांना पाणी आधीच दाखवलं होतं.

आता ते हॉटेलातलं. तू कायमचा परत आलास, सोलापुरात घर केलंस, आणि महिन्यातनं एकदा एसटीनं वस्तीवर यायला लागलास. फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात पोरं तुला विचारायची, तू सांगायचास. तू चांगलं सांगायचास, सिदा. मला ते सोसायचं नाही. आयुष्यभर या गावात लोकांनी माझं ऐकलं, आणि आता सगळी मान वळवून तुझ्याकडं. त्या दिवशी तू सांगत होतास की एका भोकातला आकडा चढत चढत शून्याजवळ आलाय आणि चार वर्षं तिथंच उभा आहे. मी मागनं ओरडलो, "चार वर्सं हललं न्हाय, मग तापतंय कुटं? थांबलं की! हितं टँकरला रांगा हायेत आन हा बर्फासाठी रडतोय!"

सगळं हॉटेल हसलं. मग मी आणखी बोललो. बोलायला नको होतं ते बोललो. "जलमभर दुसऱ्याच्या मातीला भोकं पाडलीस. आपल्या मातीसाटी काय केलंस?"

तू चहा तसाच ठेवलास. शेजारच्या रसवंतीतनं बर्फाचा मोठा खडा आणलास, हॉटेलवाल्याकडनं तांब्या घेतलास, आणि पिशवीतला थर्मामीटर त्यात घालून तांब्या बाहेर उन्हात ठेवलास.  वैशाखातलं ऊन. पोरं भोवती गोळा झाली. बर्फ सुटत होता, तांब्याच्या अंगाला घाम आला होता, आणि पारा शून्यापाशी चिकटून बसलेला. जरासुद्धा हलेना. मी म्हणालो, "बिगडलाय." तू तांब्या नुसता हलवून परत ठेवलास. शेवटचा तुकडा विरघळला आणि मग पारा असा चढला की पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"वरनं बगनाऱ्याला वाटतंय काय व्हत न्हाय," तू म्हणालास, माझ्याकडं न बघता. "आत सगळं ऊन बर्फ फोडन्यात खर्च हुतंय."

मी म्हणालो, "हे तांब्याचं झालं. जमिनीचं काय?"

हरणं मला जमलंच नाही कधी.

त्याच वर्षी मार्गशीर्षात तू परत आलास तो लांब दांड्याचं हातगिरमिट, प्लास्टिकचा पाईप आणि एक गडी घेऊन. विहिरीच्या वरच्या अंगाला, जिथं मुरूम कमी आहे तिथं, दोन दिवस गिरमिट फिरवलंस. मी बांधावर उभा. विचारलं, काय चाललंय. म्हणालास, "दादा, आता आपल्या मातीला भोक पाडतोय."

टोमणा मारावा तर तुझ्यासारखा. 

पाईप त्या भोकात उभा पुरलास, हीच ती नळी, आणि तीत तीन दोऱ्या सोडल्यास. एक फुटावर एक थर्मामीटर, तीन फुटांवर एक, दहा फुटांवर एक. तिन्ही मेणात बुडवलेले, म्हणजे वर ओढून वाचेपर्यंत आकडा हलू नये. वर लाकडाचं बूच. आणि मला वही दिलीस. दर सोमवारी सकाळी वाचायचं, लिहायचं. "तुझी जमीन, तूच बग," म्हणालास.

मला बरं वाटलं होतं, सिदा. सांगितलं नाही, पण वाटलं होतं. चष्मा धुऊन जायचो. फाल्गुनापर्यंत एक सोमवार चुकवला नाही.

मग गावानं धरलं. मी नळीवर वाकलेला दिसलो की रस्त्यावरनं मोटरसायकलवाले ओरडायचे, "आण्णा, पाताळातनं फोन आला का?" एक जण म्हणाला, "धाकट्यानं थोरल्याला कामाला लावला बगा." ते मला लागलं. त्यातच गुडघा धरला. पाडव्याच्या सोमवारी मी निघालो आणि अर्ध्या वाटेवरनं परत फिरलो. लिंबाखाली बसलो आणि म्हणालो, नळी कशाला पाहिजे? पायात चप्पल न घालता मी साठ वर्षं या रानात हिंडलोय. जमीन किती तापलीय हे माझी टाच सांगते. पेरणीची ओल मी टाचेनं सांगतो आणि गाव पेरतं. टाच जमिनीवर टेकवली, अंदाज घेतला आणि तीन आकडे लिहिले.

वर ऊन चढत गेलं तसे मी तिन्ही आकडे चढवत गेलो. वैशाखात वर भट्टी, तर खालीही भट्टी. मला त्यात खोटं वाटलंच नाही, खरं सांगतो. मला वाटलं, मी जमिनीला ओळखतो. ज्येष्ठात पेरणीची धांदल लागली आणि तेही लिहायचं राहिलं.

आषाढात तू आलास. वही मागितलीस, पडवीत बसून तुझ्या स्वतःच्या वहीत आकडे उतरवून घेतलेस. मी तिरक्या नजरेनं बघत होतो. एका पानावर तुझी पेन्सिल थांबली. थोडा वेळ थांबली, मग परत चालू झाली. जेवण झालं, तुझ्या वैनीनं शेंगाचटणी बांधून दिली. एसटीला सोडायला आलो तेव्हा दारात पाय ठेवत तू एवढंच म्हणालास, "दादा, सरावणात दहा फुटाचा तेवडा इसरू नगंस. बाकी ऱ्हायलं तरी चालंल."

एसटी गेली. मी तिथंच उभा. बाकी राहिलं तरी चालेल, म्हणजे काय?

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी गुडघ्याला फडकं बांधून गेलो. आभाळ भरलेलं, भुरभुर चालू, वारा गार. टाच म्हणत होती, जमीन थंड. एक फुटाचा ओढला, खरंच उतरलेला होता. तीन फुटांचा त्याच्यापेक्षा चढलेला. दहा फुटांचा वर ओढला, चष्मा पुसला, परत वाचला. फाल्गुनात मी खरं वाचलं होतं त्यापेक्षा तो बराच वर होता. आणि मी वैशाखात लिहिलेल्या भट्टीच्या कितीतरी खाली. परत सोडला. पुढच्या सोमवारी आणखी चढला. वर पाऊस पडतोय आणि खाली पारा चढतोय!

त्या दिवशी मी नळीपाशी चिखलात बसलो. वैशाखातलं ऊन आत्ता खाली पोचत होतं. वर ते ऊन संपून, पाऊस पडून, हिरवं होऊन गेलं, आणि खाली त्याची वार्ता आत्ता लागत होती. तू सांगायचास की तिकडं उंचावर आज जे सुटतंय ते आजच्या उन्हानं नाही, मागच्या कैक वर्षांच्या उन्हानं, आणि आजचं ऊन अजून वाटेत आहे. मी ते डोक्यावरनं जाऊ दिलं होतं. ते माझ्याच रानात, माझ्याच हातात दोरी असताना, मला दिसलं.

आणि दुसरंही दिसलं. माझे दहा सोमवार. वैशाखात दहा फुटांवर भट्टी लिहिणारा माणूस नळीपाशी गेलाच नव्हता हे कोणत्याही भोक पाडणाऱ्याला एका नजरेत कळेल. तुझी पेन्सिल कुठं थांबली होती ते मला कळलं.

तुला फोन लावला. मालननं उचलला आणि तुला दिला. मला सांगायचं होतं, सिदा, मी खोटं लिहिलं. तोंडातनं निघालं ते असं: "खालचं वर आलंय."

तू हसलास. "आलं का?" म्हणालास. "जेवलास का?"

तेव्हापासून एक सोमवार चुकला नाही. मोटरसायकलवाले ओरडले तर मी पण ओरडतो, "फोन आला, तुझ्या बापाचा हाय!" त्यातलाच एक आता कधी कधी येऊन दोरी धरतो.

पण ते दहा सोमवार तसेच राहिले. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. मागच्या दिवाळीत तू पडवीत बसलेला असताना मी म्हणालो की अजून मला तुझं सगळं पटलेलं नाही. तू म्हणालास, "दादा, तू शून्यावरच्या पाऱ्यागत हायेस. लोकास्नी वाटतंय म्हातारा हलत न्हाय." मी विचारलं, "आन तुला काय वाटतंय?" तू म्हणालास, "मला तांब्याचा घाम दिसतोय की." तुझी वैनी तोंडाला पदर लावून आत गेली. मी रागावलो. खरं म्हणजे रागावलो नव्हतो.

एक भांडण मात्र आपलं राहिलंच. मी विचारायचो, "सगळं खरं धरलं, तर आपुन सांगोल्याच्या माळावर बसून करायचं काय?" तू म्हणायचास, "पैलं नीट बगायचं." मी म्हणायचो, "बगून बर्फ ऱ्हातोय व्हय?" तू म्हणायचास, "न बगता तर न्हाईच ऱ्हात." हे उत्तर मला तेव्हा पुरं वाटलं नाही, आजही वाटत नाही. तू वर असशील तर दुसरं शोधून ठेव. मी आलो की पहिलं तेच विचारणार आहे.

वैशाखात तू गेलास. दुपारी जेवून खुर्चीत बसलास, मालन पाणी घेऊन आली तर तू नव्हतास. मला तसं सोपं मरण आलं तर बरं, पण तू माझ्या आधी का? ते जाऊ दे.

तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर मालननं माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. म्हणाली, "भावजी, ही तुमच्यासाठी ठेवली होती त्यांनी. सांगितलं होतं, दादालाच द्यायची." आत तुझ्या वह्या. बऱ्याचशा तिकडच्या, मला न कळणाऱ्या. एक आपल्या रानाची. मी ती तिथं उघडली नाही. वस्तीवर आणली, दोन दिवस कोनाड्यात ठेवली, तिसऱ्या दिवशी उघडली.

पाडवा ते ज्येष्ठ. दहा ओळी. बाजूला पेन्सिलीनं एक रेघ आणि तुझं बारीक अक्षर:

"एक फुटाचे चालतील, दादाची टाच पक्की आहे. खालचे जमिनीचे नाहीत, दादाच्या कातडीचे आहेत. धरू नयेत. विचारू नये."

पुढचं पान श्रावणाचं. "आज दादाचा फोन आला. खालचं वर आलं म्हणाला. इथून पुढचे सगळे धरावेत."

मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. पहिल्यांदा, तुला खरं सांगतो, मला एक फुटाच्या ओळीचा अभिमान वाटला. टाच पक्की. तू लिहून दिलंस, आता कोण नाही म्हणेल! मग शेवटचे दोन शब्द परत वाचले. विचारू नये.

तू विचारलं असतंस तर काय झालं असतं ते मला माहीत आहे. मी उलटलो असतो. नळी उपटून बांधावर फेकली असती आणि मरेपर्यंत तुझ्याशी बोललो नसतो, आणि माझं मीच खरं धरून बसलो असतो. तू ते ओळखलंस. जमीन कधी सुटते हे ओळखणारा माणूस तू. मला एक महिना सांगितलास फक्त, श्रावणाचा, आणि एसटीत चढलास. बाकी काम उन्हावर सोडलंस.

थोरला म्हणून मी तुला आयुष्यभर शिकवायला बघितलं. तू मला शिकवलंस आणि ते मला कळूही दिलं नाहीस. याची परतफेड होत नाही, सिदा, आणि तू ती मागणाऱ्यातला नव्हतास. पण मला एकदा म्हणू दे, बरं केलंस. माझ्यावर उपकार केलेस. आपल्या रानात भोक पाडलंस ते चांगलं केलंस.

माझ्या वहीतल्या त्या दहा ओळींवर मी आता काट मारलीय. एक फुटाचे आकडे तेवढे ठेवलेत. खालच्या दोन रकान्यांत लिहिलंय, "बघितलं नाही." खाली सही केलीय. माझी सही तुला माहीत आहे, आडवी-तिडवी, पण ती माझीच आहे.

काल सोमवार होता. सकाळी गेलो. बूच काढलं, दोऱ्या ओढल्या. दोन वळीव होऊन गेलेत, त्यामुळं एक फुटाचा उतरलाय. तीन फुटांचा चढलाय, या वर्षातला सगळ्यात वर. दहा फुटांचा अजून हललेला नाही.

तू गेलास तेव्हा वर जे ऊन होतं ते आता तीन फुटांवर पोचलंय. इकडं वर माणसं आपापल्या कामाला लागली, हॉटेलात दुसऱ्या गोष्टी चालल्यात. खाली जमिनीला आत्ता कुठं कळतंय. दहा फुटांवर ते श्रावणात पोचेल.

टाचेला विचारणार नाही. जाऊन बघेन.

तुझा दादा